चांदणीच्या बाहेरचं ‘च्या’

सुलतानपुरात मार्कडाउन येऊन कैक वर्षं झाली. फक्त त्याला मार्कडाउन म्हणतात हे कुणाला ठाऊक नाही. गावातला कोणताही व्हॉट्सॲप गट उघडा. नळ कधी सुटणार, मेहकरच्या बाजारात सोयाबीनला काय भाव निघाला, कुणाकडे साक्षगंध, कुणाकडे तेरवी, सगळं दोन चांदण्यांच्या मधे. *महत्त्वाची सूचना* असं लिहिलं की अक्षरं जाड होतात, ही विद्या व्हॉट्सॲपने २०१६ साली दिली आणि गावाने ती शिकवणीवाचून उचलली. आमच्या गल्लीतल्या एक काकू बचत गटाचे निरोप नातवाकडून टाइप करून घेतात आणि शेवटी न चुकता बजावतात, “चांदणी लाव रे बाप्पा, नाही तं कोनी वाचत नाही.” विधानसभेतसुद्धा तारांकित प्रश्नालाच मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं, तेव्हा काकूंचं काही चुकत नाही.

मार्कडाउन म्हणजे हीच विद्या, जरा विस्ताराने. ओळीच्या आधी # टाकला की ओळ शीर्षक होते, आडवी रेघ टाकली की मुद्दा होतो, दोन्ही बाजूंना दोन-दोन चांदण्या लावल्या की शब्द ठळक होतो. जॉन ग्रुबर या अमेरिकी लेखकाने २००४ साली ती बांधली. मदतीला आरन स्वार्ट्झ होता, तेव्हा सतरा वर्षांचा. लोक साध्या ईमेलमध्ये आपसूक ज्या खुणा करत होते त्याच त्यांनी नियमात बसवल्या, आणि खुणा काढल्या नाहीत तरी मजकूर वाचता यावा असा आग्रह धरला. हा आग्रह मला फार आवडतो. यंत्राला कळावं म्हणून माणसाने आपलं वाचणं बिघडवून घेऊ नये, एवढंच त्याचं म्हणणं.

पुढे ही रीत स्लाइडींपर्यंत पोचली. हकीम एल हट्टाब या स्वीडिश तरुणाचं रिव्हील जेएस २०११ पासूनचं, त्यानंतर मार्प आलं, स्लायडेव्ह आलं. ब्राउझर उघडा, साधा मजकूर लिहा, मधे तीन रेघा ओढा. एक स्लाइड संपली, दुसरी सुरू. आपल्याकडे पीपीटी म्हटलं की अक्षरं एकेक करून गिरक्या घेत येतात, मग फुलांची चौकट, मग टाळ्यांचा आवाज. एका निरोप समारंभात सत्कारमूर्तींचं आडनाव पडद्याच्या डावीकडून निघालं ते उजवीकडे पोचेपर्यंत त्यांचा हार सुकायला आला होता. तीन रेघांच्या कारभारात असलं काही नसतं. मजकूर असेल तर दिसतो, नसेल तर नसणं दिसतं. बऱ्याच वक्त्यांना हे दुसरं परवडत नाही.

म्हणून गावातल्या एका शाळेतले सर जेव्हा म्हणाले, “भाऊ, पोरं सहलीला चालली लोणारले, त्याच्या अगोदर थोडी पीपीटी दाखवू,” तेव्हा मी त्यांना असंच एक वेबवरचं साधन सुचवलं. त्याचं नाव सांगत नाही. नाव सांगावं असं त्याने फार काही वाईट केलेलं नाही आणि चांगलंही नाही. लोणार हे आमच्या तालुक्याचंच ठिकाण. त्यामुळे सुलतानपूरच्या पोरांना त्याचं कौतुक जगात सगळ्यात कमी. बेसॉल्टच्या खडकात उल्का आदळून झालेलं पावणेदोन किलोमीटरहून रुंद विवर बघायला लोक कुठून कुठून येतात, आणि आमची पोरं विचारतात, “सर, औरंगाबादले काहून नाही नेत?”

सरांनी मजकूर फोनवर लिहिला होता आणि इतिहासाच्या शिस्तीने साल, टिंब, घटना असा लिहिला होता. 1823. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने विवराची नोंद केली. 2020. जूनमध्ये पाणी गुलाबी झालं. 2020. नोव्हेंबरात पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव आलं. हे तिन्ही मुद्दे एकाखाली एक चिकटवले. पडद्यावर काय आलं? १८२३ साली अलेक्झांडर, १८२४ साली गुलाबी पाणी, १८२५ साली रामसर.

साधनाच्या बाजूने विचार केला तर त्याचं बरोबर आहे. ओळीच्या सुरुवातीला आकडा, मग टिंब, मग मोकळी जागा, म्हणजे क्रमवार यादी. यादी 1823 पासून सुरू करायची आहे ना, करतो. पुढचा आकडा कोणता हे मला येतं, तुम्ही काय लिहिलंय ते बघायची गरज नाही. ग्रुबरच्या मूळ मार्कडाउनमध्ये तर पहिला आकडाही पाळत नसत, अलेक्झांडर थेट क्रमांक एकवर आला असता. विवराचं वय आधी बावन्न हजार वर्षं सांगत, मग आर्गॉनच्या कसोटीवर ते पाच लाख सत्तर हजारांच्या आसपास गेलं. शास्त्रज्ञांना त्यासाठी खडकांचे नमुने तपासावे लागले. इथे एका टिंबाने १९६ वर्षं गिळली, तीही फुकट. उपाय आहे: टिंबाच्या आधी उलटी तिरपी रेघ द्यायची. ती मराठी कळफलकावर कुठल्या पानावर दडलेली असते ते शोधेपर्यंत सहलीची बस सुटते.

हीच खोड एका ठिकाणी फार उपयोगी पडू शकली असती, पण तिथेही घात झाला. मार्कडाउनमध्ये प्रत्येक ओळीला 1. लिहिलं तरी चालतं, क्रम ते साधन लावून घेतं. कार्यक्रमपत्रिकेच्या स्लाइडवर प्रमुख पाहुण्यांची नावं लिहिताना एका धोरणी माणसाने सगळ्यांना मुद्दाम 1. दिला, म्हणजे मानपानाचा प्रश्न नको. प्रोजेक्टर लागला आणि पडद्याने सर्वांसमक्ष एकापासून सातपर्यंत लावून दाखवलं. सातव्या पाहुण्यांनी भाषण केलं नाही. त्याबद्दल तरी साधनाचे आभार मानायला हवेत.

शेततळ्याची गोष्ट याच जातीची. ‘मागेल त्याला शेततळे’ योजनेमुळे तीस बाय तीस बाय तीन मीटर हे माप इकडे पाढ्यासारखं पाठ झालं. फोनवर गुणाकाराचं चिन्ह चटकन सापडत नाही म्हणून लोक चांदणी टाकतात, 30*30*3. मार्कडाउनला दोन चांदण्यांच्या मधला मजकूर दिसला की ते त्याला तिरपं करतं आणि चांदण्या खाऊन टाकतं. पडद्यावर आलं 30303 मीटर, मधले दोन आकडे किंचित झुकलेले. मागच्या रांगेतून आवाज आला, “एवढं मोठं तळं? मंग गाव कुठं ठेवता?”

तिरपेपणाचाही एक निराळा जाच आहे. देवनागरीला तिरप्या अक्षरांची परंपरा नाही. आपल्याला जोर द्यायचा तर ठळक टाइप, नाही तर अवतरणचिन्हं. इंग्रजीत तिरप्या अक्षरांचा वेगळा सुबक साचा असतो. आपल्या बहुतेक फॉन्टांत तो नसतो, म्हणून ब्राउझर आहे ते अक्षर धरून ढकलतो. शिरोरेघ आडवीच राहते आणि काने सगळे एका बाजूला कलतात. व्हॉट्सॲपमध्ये एक चांदणी म्हणजे ठळक, मार्कडाउनमध्ये एक चांदणी म्हणजे तिरपं. तेव्हा गटावरची *महत्त्वाची सूचना* जशीच्या तशी स्लाइडवर आणली की ती महत्त्वाची न वाटता पेंगुळलेली वाटते.

पण खरी अडचण यापैकी एकही नाही. खरी अडचण ‘च्या’ची आहे.

इंग्रजीत शब्द संपला की मोकळी जागा येते. ‘ऑफ’, ‘टू’, ‘फ्रॉम’ ही मंडळी आपापल्या अंतरावर उभी असतात. मराठीत प्रत्यय शब्दाला जाऊन चिकटतो: लोणारच्या, लोणारला, लोणारहून. आता मला फक्त गावाचं नाव ठळक हवंय, प्रत्यय नकोय. **लोणार**च्या असं लिहिलं तर जमतं. पण चांदणीऐवजी खालची रेघ वापरून __लोणार__च्या लिहिलं तर जमत नाही. रेघ शब्दाच्या मधे आली तर ती खूण समजायची नाही, असा नियम आहे. संगणकवाले आपल्या फायलींची नावं अशाच रेघांनी जोडतात, त्यांची सोय त्यात पाहिली आहे. आपली सोय बघायला तिथे कोणी नव्हतं.

आणि नावाला अवतरणचिन्हं लावली की चांदण्याही संपावर जातात. **‘लोणार’**च्या असं लिहून बघा. चारच्या चारही चांदण्या पडद्यावर तशाच उभ्या राहतात. नवरदेव मंडपात निघून गेला तरी बँडवाले रस्त्यातच थांबावेत तशा. कारण शोधायला गेलो तर ते कॉमनमार्कच्या नियमांत सापडलं. मार्कडाउनच्या ज्याने त्याने आपापल्या आवृत्त्या काढल्या आणि एकाचं दुसऱ्याला कळेना झालं, म्हणून २०१४ साली काही जणांनी बसून एक काटेकोर प्रमाण तयार केलं. त्यात मोठा वाटा जॉन मॅकफार्लेन यांचा. हे गृहस्थ बर्कलेला तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आहेत. ठळक आणि तिरपं कधी करायचं, एवढ्यासाठी त्या प्रमाणात सतरा नियम आहेत. मराठीत सतरा भानगडी म्हणतात त्या इथे मोजून मिळतात. त्यांचं आमच्यापुरतं सार असं: शेवटच्या चांदण्यांच्या अलीकडे विरामचिन्ह असेल, तर पलीकडे मोकळी जागा किंवा दुसरं विरामचिन्ह असायलाच हवं, तरच त्या बंद होतील. पलीकडे ‘च्या’ असेल तर नाही. इंग्रजीत अवतरणचिन्हाला अक्षर लगेच चिकटत नाही, म्हणून हा नियम करताना कुणाला काही खटकलं नसावं. चिनी आणि जपानी लिहिणारे शब्दांच्या मधे जागाच सोडत नाहीत. त्यांचीही हीच तक्रार आहे. म्हणजे आम्ही एकटे नाही, एवढं तरी समाधान.

यावर जाणकार सांगतात, प्रत्यय चांदण्यांच्या आत घ्या. घेतो की. पण मग ‘च्या’सुद्धा ठळक होतं, आणि ‘च्या’ने असं काय कर्तृत्व केलंय?

बाहेरून आलेल्या खुणा मराठीने पचवलेल्या नाहीत असं नाही. आज आपण स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह ज्या सवयीने टाकतो, ती सगळी एकोणिसाव्या शतकात छापखान्याबरोबर आली. मराठीत ती रुळवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना देतात, मोल्सवर्थच्या कोशाच्या कामातले तेच कँडी. त्याआधीच्या पोथ्यांत दंडावर भागत असे. हिंदीने वाक्याच्या शेवटी दंड ठेवला, आपण इंग्रजी टिंब घेतलं. सरांनी सालापुढे दंड दिला असता तर गुलाबी पाणी २०२० सालीच राहिलं असतं. पण एवढ्यासाठी कँडीसाहेबांना बोल लावणं बरं नव्हे. त्यांनी खुणा आणल्या त्या मराठी वाक्य वाचून आणल्या. मार्कडाउनने मराठी वाक्य अजून वाचलेलं नाही, एवढाच दोघांतला फरक.

अंकांचं बघा. सरांनी दुसऱ्या स्लाइडवर १. टोपी आणावी, २. पाणी आणावं असं आपल्या अंकांत लिहिलं. त्याची यादी झालीच नाही, दोन्ही ओळी एका परिच्छेदात गुरफटल्या. कॉमनमार्कच्या मते यादीचा आकडा म्हणजे फक्त इंग्रजी शून्य ते नऊ. यात गंमत अशी की पायथन या भाषेला कोणताही अंक शोध म्हटलं तर तिला १ सुद्धा अंक वाटतो. जावास्क्रिप्टला वाटत नाही, आणि ब्राउझरमधली साधनं जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेली. याहून मोठी गंमत म्हणजे यादीचे आकडे देवनागरीत दाखवायची सोय ब्राउझरमध्ये आधीपासून आहे. म्हणजे १, २, ३ दाखवता येतात, पण आम्ही ते लिहिले तर ओळखता येत नाहीत.

पायथनचं कौतुक केलं खरं, पण तिचंही एक प्रकरण सांगितलं पाहिजे. शीर्षकावरून दुवा तयार करताना काही साधनं नको ती चिन्हं गाळतात. काय नको ते ठरवताना अक्षरं आणि अंक सोडून बाकी सगळं काढ असं सांगितलेलं असतं, आणि तिच्या हिशेबात काना, उकार, वेलांटी ही अक्षरं नव्हेत. त्यामुळे सुलतानपूरचं होतं सलतनपर. ही बस कुठे जाते असं विचारायची सोय राहिली नाही.

सरांच्या मजकुरात आणखी एक मासला होता. शाळेत आपल्याला परिच्छेदाची पहिली ओळ थोडी आत घ्यायला शिकवतात. सरांनी इमानेइतबारे चार जागा सोडल्या. मार्कडाउनमध्ये रिकाम्या ओळीनंतर चार जागा सोडल्या की त्याचा अर्थ हा संगणकाचा प्रोग्राम आहे, याला हात लावू नका. विवराच्या पाण्यात मीठप्रेमी सूक्ष्मजीव वाढले म्हणून ते गुलाबी झालं, हे पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासून सांगितलेलं शास्त्र पडद्यावर करड्या चौकटीत, टंकलेखन यंत्राच्या अक्षरांत, एका न संपणाऱ्या ओळीत उमटलं. शेवटची ओळ होती, ‘सर्वांनी वेळेवर यावे’, आणि तिच्या लगेच खाली तीन रेघा. मधे रिकामी ओळ नसेल तर या रेघा स्लाइड तोडत नाहीत. वरच्या ओळीला शीर्षक बनवतात. रेघांवरच स्लाइड आधी तोडून घेणाऱ्या साधनांत हे होत नाही, सगळा मजकूर आधी मार्कडाउन म्हणून वाचणाऱ्यांत होतं. परिणामी पूर्ण सादरीकरणात सगळ्यात मोठ्या अक्षरांत ‘सर्वांनी वेळेवर यावे’ हेच होतं. मुख्याध्यापकांना तेवढी एकच स्लाइड पटली.

इतकं सगळं असून मी या साधनांची बाजू सोडत नाही. त्याचं कारण आमच्याकडच्या जुन्या फायली. पंधरा-वीस वर्षांपूर्वी ज्या त्या खास फॉन्टात केलेली सादरीकरणं आज उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि टिंबटोप्यांचा चिवडा दिसतो. ज्याने टाइप केलं तो गेला, फॉन्ट गेला, संगणक भंगारात गेला. मार्कडाउनची फाइल म्हणजे नुसता युनिकोड मजकूर. ती फोनवर उघडते, गटावर पाठवता येते, रेंज एका कांडीवर आली तरी जाते, कारण तिचं वजन काही किलोबाइट असतं. साधन उद्या बंद पडलं तरी मजकूर वाचता येतो. सरांनी पुढच्या वर्षीच्या सहलीसाठी तीच फाइल उघडली, तारीख बदलली, काम झालं. पीपीटीत तारीख बदलायला गेलं की अख्खी चौकट हलते, हे ज्याने केलंय त्याला सांगायला नको.

तर ही साधनं लिहिणाऱ्यांना, आणि त्यांत आता पुण्या-मुंबईची आणि आमच्या बुलडाण्याचीही पोरं पुष्कळ आहेत, एक विनंती. नवीन रंगसंगती, नवीन गिरक्या नंतर करा. आधी देवनागरी आकड्यांची यादी ओळखा. चांदण्यांच्या बाहेर प्रत्यय आला तर त्याला आत ओढू नका आणि चांदण्यांनाही ताटकळत ठेवू नका. साल आणि टिंब दिसलं तर यादी करण्याआधी विचारा. रेघांच्या वर रिकामी ओळ नसेल तर तसं सांगा. वक्त्याची खासगी टिपणं इंग्रजीत ‘Note:’ लिहिल्यावर लपवता तशी ‘टीप:’ लिहिल्यावरही लपवा. नाही तर ‘टीप: इथे पोरांना गप्प करणे’ हे पोरंच मोठ्याने वाचतात. या साधनांपैकी बरीचशी खुली आहेत, दुरुस्ती सुचवायला परवानगी लागत नाही. सुधारणा चालते का हे बघायला तुम्ही एक चाचणीची फाइल ठेवताच. तिच्यात एक ओळ मराठीची टाका. **‘सुलतानपूर’**च्या एवढीच टाकली तरी पुरे. नाव वापरायला आमची हरकत नाही, फक्त काने आणि उकार जागच्या जागी राहू द्या.